गोपाळ कृष्ण गोखले
गोपाळ कृष्ण गोखले (९ मे १८६६ – १९ फेब्रुवारी १९१५) हे भारतीय समाजसेवक, शिक्षणतज्ज्ञ, अर्थविषयक अभ्यासक आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या मवाळ गटाचे प्रमुख नेते होते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अध्यापन केले. पुणे सार्वजनिक सभा व डेक्कन सभा या संस्थांचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले, तसेच मुंबई प्रांताच्या आणि पुढे मध्यवर्ती कायदेमंडळात सदस्य म्हणून काम केले. १९०५ साली त्यांनी पुण्यात सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी अर्थात भारत सेवक समाज ही संस्था स्थापन केली. देशसेवेला पूर्ण वेळ वाहून घेणारे, अभ्यास केलेले आणि शिस्तबद्ध कार्यकर्ते तयार करणे हा या संस्थेचा हेतू होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गोखल्यांचे गुरू, तर महात्मा गांधी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानत.

बालपण आणि शिक्षण
गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी एका सामान्य परिस्थितीतील चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. हे गाव आज गुहागर तालुक्यात आहे. त्यांचे वडील कृष्णराव कोल्हापूर संस्थानातील कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली कृष्णरावांचे निधन झाले, त्या वेळी गोपाळराव १३ वर्षांचे होते. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून दरमहा १५ रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यातील ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत. राहिलेल्या ७ रुपयांत गोविंदरावांच्या घरचा खर्च भागत असे. भावाच्या पैशांची बचत व्हावी म्हणून गोपाळरावांनी विद्यार्थिदशेत अत्यंत काटकसरीने दिवस काढले. दुसऱ्याच्या त्यागावर आपले शिक्षण झाले आहे ही जाणीव त्यांना आयुष्यभर राहिली. कमावते झाल्यावर त्यांनी भावाच्या कुटुंबाचाही भार उचलला.

१८८१ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. कोल्हापूरचे राजाराम महाविद्यालय, पुण्याचे डेक्कन महाविद्यालय आणि मुंबईचे एल्फिन्स्टन महाविद्यालय येथे त्यांचे उच्च शिक्षण झाले. एल्फिन्स्टनमध्ये त्यांना दरमहा २० रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. प्राचार्य वर्ड्‌स्वर्थ आणि गणिताचे प्राध्यापक हॉथॉर्नथ्वेट या दोन शिक्षकांचा त्यांच्यावर प्रभाव पडला. त्यांची स्मरणशक्ती तीव्र होती आणि इंग्रजी ग्रंथांतील दीर्घ उतारे ते मुखोद्गत करीत. १८८४ साली वयाच्या अठराव्या वर्षी ते बी. ए. झाले. त्या काळातील पदवीधराला सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन मार्ग सहज उपलब्ध होते. गोखल्यांनी कायद्याचा अभ्यास सुरूही केला होता, परंतु तो पुढे पूर्ण केला नाही.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी
विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि माधवराव नामजोशी यांनी १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. गोपाळ गणेश आगरकर लवकरच त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि जानेवारी १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. त्याच सुमारास गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा ३५ रुपये वेतनावर साहाय्यक शिक्षक झाले. १८८६ साली त्यांनी सोसायटीचे आजीव सदस्यत्व स्वीकारले. आजीव सदस्याने अल्प वेतनावर २० वर्षे संस्थेची सेवा करावी असा दंडक होता. घरची आर्थिक ओढ पाहता हा निर्णय सोपा नव्हता. कुटुंबीयांची अपेक्षा अधिक मिळकतीच्या व्यवसायाची होती.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकवले. संस्थेला ज्या विषयाच्या शिक्षकाची गरज भासे तो विषय ते आत्मसात करीत. अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांत त्यांनी पुढे जी गती मिळवली, तिचा पाया या अध्यापनात घातला गेला. शालेय विद्यार्थ्यांसाठी त्यांनी अंकगणिताचे एक पाठ्यपुस्तक तयार केले. ते दीर्घकाळ वापरात राहिले आणि त्याचे उत्पन्न त्यांच्या निर्वाहाला उपयोगी पडले.

सोसायटीतील पहिला मोठा संघर्ष याच काळातला आहे. आजीव सदस्यांनी आपला सर्व वेळ संस्थेला द्यावा आणि बाहेरून मिळकत करू नये, असे टिळकांचे मत होते. आगरकर, गोखले आणि इतर काही सदस्यांना हा नियम इतक्या कठोरपणे लावणे मान्य नव्हते. १८९० साली गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर हा वाद विकोपाला गेला आणि त्या वर्षाच्या अखेरीस टिळकांनी सोसायटीचा राजीनामा दिला. संस्थेला सर्वस्व वाहणे म्हणजे नेमके काय, हा या वादातील मूळ प्रश्न होता. पुढे स्वतःची संस्था उभारताना गोखल्यांनी सदस्यांनी स्वतःसाठी द्रव्यार्जन करू नये असा स्पष्ट नियम केला.

टिळकांच्या राजीनाम्यानंतर सोसायटीच्या कारभाराचा मोठा भार गोखल्यांवर आला. महाविद्यालयाच्या इमारतीसाठी निधी जमवण्याकरिता सुट्यांमध्ये ते गावोगाव फिरले. देणगी मागताना अनेक ठिकाणी त्यांना नकार आणि उपेक्षा सोसावी लागली. देणगीदारांशी बोलणे, हिशेब चोख ठेवणे आणि मतभेद असलेल्या सहकाऱ्यांना एकत्र ठेवणे ही संस्थात्मक कामाची अंगे ते येथे शिकले. सुमारे अठरा वर्षांच्या सेवेनंतर १९०२ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले. त्याच वर्षी रँग्लर र. पु. परांजपे यांनी फर्ग्युसनचे प्राचार्यपद स्वीकारले.

रानडे यांचे शिष्यत्व
पुण्यात आल्यानंतर थोड्याच काळात गोखल्यांचा न्यायमूर्ती रानडे यांच्याशी परिचय झाला. रानडे त्या वेळी पुण्यातील बहुतेक सार्वजनिक संस्थांचे सूत्रधार होते. सरकारी नोकरीत असल्याने त्यांना राजकीय व्यासपीठावर उघडपणे काम करता येत नव्हते. त्यामुळे अभ्यासू तरुण हेरून त्यांच्याकडून काम करवून घेणे ही त्यांची पद्धत होती. गोखले या परंपरेतील सर्वांत नामांकित शिष्य ठरले.

रानड्यांची शिकवण्याची रीत कामातून शिकवण्याची होती. सार्वजनिक सभेच्या वतीने सरकारला पाठवायची निवेदने तयार करण्याचे काम ते गोखल्यांकडे देत. त्यासाठी सरकारी अहवाल, अंदाजपत्रके आणि आकडेवारीचे तक्ते वाचून टिपणे काढावी लागत. तयार झालेला मसुदा रानडे बारकाईने तपासत आणि त्यातील त्रुटी दाखवून तो पुन्हा लिहावयास लावत. विधानाला आधार नसेल तर ते काढून टाकावे आणि प्रतिपक्षाची बाजू आधी नीट समजून घ्यावी, असा त्यांचा आग्रह होता. या निवेदनांना सरकारकडून बहुधा थंड उत्तर येई. त्याने निराश झालेल्या गोखल्यांना रानड्यांनी या श्रमांचे खरे प्रयोजन समजावून दिले. निवेदन नावाला सरकारकडे जात असले, तरी त्यातून लोकांना सार्वजनिक प्रश्नांचा विचार करण्याची सवय लागते, अशी त्यांची भूमिका होती.

सार्वजनिक सभेच्या इंग्रजी त्रैमासिकाचे संपादनही गोखल्यांकडे आले. १८८८ साली आगरकरांनी सुरू केलेल्या सुधारक या पत्राच्या इंग्रजी विभागाची जबाबदारीही काही काळ त्यांनी सांभाळली. आगरकरांची सामाजिक सुधारणेविषयीची निर्भीड भूमिका आणि रानड्यांचा समन्वयी दृष्टिकोन या दोहोंचा परिणाम त्यांच्या विचारांवर झाला.

१८९५ साली सार्वजनिक सभेच्या कार्यकारिणीवर टिळकांच्या अनुयायांचे वर्चस्व प्रस्थापित झाले. त्यानंतर १८९६ मध्ये रानडे यांच्या पुढाकाराने डेक्कन सभा ही नवी संस्था स्थापन झाली व गोखले तिचे चिटणीस झाले. डिसेंबर १८९५ मध्ये पुण्यात भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी ते काँग्रेसचे संयुक्त चिटणीस होते. रानड्यांचे १६ जानेवारी १९०१ रोजी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात औद्योगिक व आर्थिक अभ्यासाची संस्था उभारण्यासाठी गोखल्यांनी निधी गोळा केला.

वेल्बी आयोगापुढील साक्ष
भारताच्या सरकारी खर्चाची चौकशी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १८९५ साली लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दादाभाई नौरोजी हे या आयोगाचे सदस्य होते. १८९७ साली आयोगापुढे साक्ष देण्यासाठी डेक्कन सभेने गोखल्यांना इंग्लंडला पाठवले. त्यांचे वय त्या वेळी ३० वर्षांचे होते. दिनशा वाच्छा, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि जी. सुब्रमण्य अय्यर हे इतर भारतीय साक्षीदार त्यांच्याहून वयाने आणि अनुभवाने मोठे होते.

साक्षीची पूर्वतयारी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली झाली. जोशी हे शाळाखात्यात शिक्षक व मुख्याध्यापक होते आणि भारतीय अर्थव्यवस्थेच्या आकडेवारीचा त्यांचा व्यासंग मोठा होता. प्रसिद्धीपासून दूर राहणाऱ्या जोशी यांना गोखले अर्थविषयातील आपले दुसरे गुरू मानत. लष्करी खर्च, सनदी नोकरांचे पगार, जमीनमहसूल आणि शिक्षणावरील अपुरी तरतूद या मुद्द्यांवर गोखल्यांनी एप्रिल १८९७ मध्ये तपशीलवार साक्ष दिली. आयोगाच्या सदस्यांनी घेतलेल्या उलटतपासणीलाही त्यांनी समर्थपणे तोंड दिले. या साक्षीने त्यांची अर्थतज्ज्ञ म्हणून ख्याती झाली. इंग्लंडला जाताना फ्रान्समधील कॅले येथे झालेल्या अपघातात त्यांच्या छातीला इजा झाली होती. अशा स्थितीतही त्यांनी साक्षीचे काम पार पाडले.

१८९७ चे माफी प्रकरण
गोखले इंग्लंडमध्ये असताना पुण्यात प्लेगची साथ पसरली होती. प्लेग प्रतिबंधक उपायांसाठी नेमलेल्या सैनिकांनी घरझडतीच्या वेळी केलेल्या गैरवर्तनाच्या तक्रारी त्यांना पुण्यातील स्नेह्यांच्या पत्रांतून कळल्या. स्त्रियांवरील अत्याचाराचा आरोपही त्यात होता. गोखल्यांनी या पत्रांवर विश्वास ठेवून ही माहिती ब्रिटिश संसद सदस्यांना आणि मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला दिली. २२ जून १८९७ रोजी पुण्यात प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर वातावरण अधिकच तापले. मुंबई सरकारने आरोप फेटाळले आणि पुरावा मागितला.

मायदेशी परतल्यावर गोखल्यांनी पुरावा मिळवण्याचा प्रयत्न केला, परंतु पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी उघडपणे पुढे येण्यास तयार झाले नाही. त्यांची नावे जाहीर करणे गोखल्यांना विश्वासघात वाटला, आणि सिद्ध न करता येणारा आरोप कायम ठेवणेही त्यांना अयोग्य वाटले. ऑगस्ट १८९७ च्या प्रारंभी त्यांनी वृत्तपत्रांतून निवेदन प्रसिद्ध करून आपले आरोप पूर्णपणे मागे घेतले आणि सरकारची व सैनिकांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीने त्यांच्या सार्वजनिक जीवनाला मोठा धक्का बसला. भित्रेपणाचा आरोप त्यांच्यावर झाला, आणि इंग्लंडमध्ये भारतीयांची बाजू मांडणारे मित्रही नाराज झाले. त्याच वर्षी अमरावती येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात त्यांना पुढे येऊ देण्यास अनेकांचा विरोध होता. राजकीय जीवन संपले असे त्यांना स्वतःलाही काही काळ वाटले. रानडे यांनी या काळात त्यांना आधार दिला. लोकापवादाला उत्तर देत न बसता गोखल्यांनी १८९८ मध्ये पुण्यातील प्लेग निवारणाच्या कामात स्वयंसेवक म्हणून भाग घेतला. रुग्णांची देखभाल आणि लोक व अधिकारी यांच्यातील दुवा साधणे हे काम त्यांनी धोका पत्करून केले. त्यांची प्रतिष्ठा परत मिळण्यास हे काम बऱ्याच अंशी कारणीभूत झाले. ऐकीव माहितीची शहानिशा झाल्याखेरीज सार्वजनिक विधान करावयाचे नाही, हा नियम त्यांनी पुढे कसोशीने पाळला.

कायदेमंडळातील कार्य
१८९९ च्या अखेरीस गोखले मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले. फिरोजशहा मेहता यांनी मध्यवर्ती कायदेमंडळातील आपली जागा सोडल्यावर १९०१ साली त्या जागी गोखल्यांची निवड झाली आणि अखेरपर्यंत ते त्या मंडळाचे सदस्य राहिले. २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकारी तिजोरीतील शिल्लक ही लोकांच्या समृद्धीची खूण नसून जास्त कर बसवल्याचा परिणाम आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकडेवारीतून दाखवून दिले. मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची किमान मर्यादा वाढवावी आणि शिक्षणावर अधिक खर्च करावा, अशा मागण्या त्यांनी केल्या. मिठावरील कर १९०३ मध्ये मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत तो एक रुपयापर्यंत उतरला. करमुक्त उत्पन्नाची मर्यादाही १९०३ मध्ये ५०० वरून १००० रुपये झाली.

१९०५ साली बनारस येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. वंगभंग आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारभारावर त्यांनी तेथे कठोर टीका केली. घटनात्मक सुधारणांसाठी त्यांनी अनेकदा इंग्लंडचा दौरा करून भारतमंत्री जॉन मोर्ले यांच्याशी वाटाघाटी केल्या. नाताळमध्ये करारबद्ध मजूर पाठवण्यावर बंदी घालण्याचा अधिकार सरकारला मिळावा, असा त्यांचा ठराव १९१० मध्ये संमत झाला.

प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्यासाठी १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयक मांडले. स्थानिक संस्थांना आपल्या क्षेत्रात ६ ते १० वर्षे वयाच्या मुलांसाठी सक्तीचे शिक्षण लागू करण्याची मुभा द्यावी, असे त्याचे स्वरूप होते. मार्च १९१२ मध्ये हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. अशा कामात आपल्या पिढीने अपयश पत्करून पुढील पिढीचा मार्ग मोकळा करावयाचा असतो, या भावनेने गोखल्यांनी तो पराभव स्वीकारला. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई प्रांतात प्राथमिक शिक्षणविषयक कायदा झाला.

भारत सेवक समाज
सार्वजनिक काम हे फावल्या वेळचे काम राहू नये, त्यासाठी पूर्ण वेळ देणारे प्रशिक्षित कार्यकर्ते हवेत, हा विचार गोखल्यांच्या मनात बरीच वर्षे होता. १२ जून १९०५ रोजी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयाजवळ भारत सेवक समाजाची स्थापना झाली. शिवराम हरी साठे यांच्या हस्ते संस्थेच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. गोखले हे संस्थेचे प्रथम सदस्य झाले. त्यांच्यानंतर नटेश अप्पाजी द्रविड, अनंत विनायक पटवर्धन आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी शपथ घेतली.

प्रत्येक सदस्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाला विचारांत अग्रस्थान देणे, सेवेतून वैयक्तिक लाभ न साधणे, जात व धर्म न पाहता सर्व भारतीयांना बंधू मानणे, संस्था देईल तेवढ्यावर स्वतःचा व कुटुंबाचा निर्वाह करणे, खासगी जीवन शुद्ध ठेवणे, कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे आणि संस्थेच्या उद्दिष्टांशी एकनिष्ठ राहणे, असा त्यांचा आशय होता.

संस्थेचे सर्वांत वेगळे वैशिष्ट्य म्हणजे तेथील प्रशिक्षण. नव्या सदस्याला पाच वर्षे उमेदवारी करावी लागे. त्यातील तीन वर्षे पुण्याच्या मुख्यालयात अभ्यासासाठी आणि दोन वर्षे देशातील विविध भाग प्रत्यक्ष पाहण्यासाठी ठेवलेली होती. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यव्यवस्था, कायदा आणि पत्रकारिता हे अभ्यासाचे विषय होते. त्यासाठी अहवाल आणि सरकारी कागदपत्रांचा समावेश असलेले ग्रंथालय उभारण्यात आले. उमेदवारीच्या काळात सदस्याने प्रथम सदस्याच्या मार्गदर्शनाखाली काम करावयाचे होते. रानड्यांनी एका शिष्याला ज्या पद्धतीने घडवले, ती पद्धत गोखल्यांनी अशा रीतीने संस्थेच्या नियमांत बसवली. गुरू म्हणून गोखले कडक होते. सदस्यांनी लिहिलेल्या मसुद्यांतील शिथिल वाक्य किंवा चुकीचा आकडा त्यांना खपत नसे. मात्र आजारी किंवा अडचणीतील सदस्याची ते घरच्या माणसाप्रमाणे काळजी घेत.

सहकारी आणि शिष्य
मद्रासमधील शाळेचे मुख्याध्यापक व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री १९०७ साली संस्थेत दाखल झाले आणि गोखल्यांच्या निधनानंतर तिचे अध्यक्ष झाले. गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली रमाबाई रानडे यांच्यासह पुण्यात सेवासदन उभारण्यात भाग घेतला. सहकारी चळवळ आणि आपत्तिनिवारण या क्षेत्रांत त्यांनी मोठे काम केले. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि १९२० साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या उभारणीत ते अग्रभागी होते. हृदयनाथ कुंझरू १९०९ साली संस्थेत आले व पुढे संसदपटू म्हणून प्रसिद्ध झाले. मुंबई नगरपालिकेत अभियंता असलेले अमृतलाल विठ्ठलदास ठक्कर यांनी नोकरी सोडून १९१४ साली संस्थेत प्रवेश केला. ठक्करबाप्पा या नावाने ओळखले जाणारे हे कार्यकर्ते १९२२ साली भिल्ल सेवा मंडळाचे संस्थापक झाले. दुष्काळ, पूर, साथी, कामगार, आदिवासी आणि अस्पृश्य मानलेल्या समाजांचे प्रश्न ही संस्थेच्या सदस्यांची कार्यक्षेत्रे ठरली.

गोखले आणि गांधी
मोहनदास करमचंद गांधी १८९६ साली दक्षिण आफ्रिकेतून भारतात आले असता पुण्यात गोखल्यांना प्रथम भेटले. १९०१ च्या कलकत्ता अधिवेशनानंतर गांधी सुमारे महिनाभर गोखल्यांच्या सहवासात राहिले. त्यांचे वेळेचे नियोजन आणि प्रत्येक कामाची देशहिताशी घातलेली सांगड यांचा गांधींवर ठसा उमटला. ऑक्टोबर १९१२ मध्ये गोखल्यांनी प्रकृती ठीक नसताना दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला आणि तेथील मंत्री बोथा व स्मट्स यांची भेट घेतली. भारतीयांवरील तीन पौंडांचा कर रद्द होईल अशी त्यांची समजूत झाली होती, परंतु तो लगेच रद्द झाला नाही. पुढील सत्याग्रहासाठी गोखल्यांनी भारतात निधी उभारला आणि १९१४ साली हा कर रद्द झाला.

जानेवारी १९१५ मध्ये गांधी भारतात परतले. वर्षभर देश पाहावा, लोकांचे ऐकावे आणि तोपर्यंत राजकीय प्रश्नांवर मत देऊ नये, असा सल्ला गोखल्यांनी त्यांना दिला. गांधींनी तो पाळला. उमेदवारीच्या काळात देशाटन करण्याच्या भारत सेवक समाजाच्या नियमाशी हा सल्ला सुसंगत होता. गांधींनी समाजात यावे अशी गोखल्यांची इच्छा होती, परंतु कार्यपद्धतीविषयी सदस्यांमध्ये मतभेद दिसल्याने गोखल्यांच्या निधनानंतर गांधींनी आपला अर्ज मागे घेतला.

टीका
गोखल्यांचा सनदशीर मार्गावरील विश्वास जहाल गटाला मान्य नव्हता. सरकारशी वाटाघाटी करण्यात चळवळीचा जोर कमी होतो, असा त्यांच्यावर आक्षेप होता. दुसरीकडे ब्रिटिश अधिकारी भारत सेवक समाजाकडे संशयाने पाहत. दोन्ही बाजूंचा रोष पत्करून मध्यम मार्गाने जाताना त्यांना अनेकदा एकाकीपणा सोसावा लागला. पहिली पत्नी सावित्रीबाई हयात असताना त्यांनी १८८७ साली केलेला दुसरा विवाह हाही टीकेचा विषय झाला. सुधारकांच्या वर्तुळात वावरणाऱ्या गोखल्यांना याची खंत होती.

अखेरचे दिवस आणि निधन
१९१२ पासून गोखले सनदी नोकऱ्यांची चौकशी करणाऱ्या इस्लिंग्टन आयोगाचे सदस्य होते. मधुमेह आणि दमा यांनी त्यांची प्रकृती खालावली असतानाही त्यांनी हे काम चालू ठेवले. १९१४ साली देऊ केलेला नाइट किताब त्यांनी नाकारला. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यात वयाच्या ४८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अंत्यविधीच्या वेळी दीर्घकाळचे प्रतिस्पर्धी टिळक यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांच्या पश्चात दोन कन्या होत्या.

वारसा
पुण्यातील भारत सेवक समाजाच्या आवारात १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजय रामचंद्र गाडगीळ हे तिचे पहिले संचालक होते. नाशिक येथील गोखले एज्युकेशन सोसायटी ही शिक्षणसंस्थाही त्यांच्या नावाने १९१८ साली सुरू झाली.

समाजकार्य हा पूर्ण वेळचा व्यवसाय असू शकतो आणि त्यालाही अभ्यास, उमेदवारी व अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन लागते, ही कल्पना आधुनिक भारतात रुजवण्यात गोखल्यांचा मोठा वाटा आहे. रानडे आणि ग. व्यं. जोशी यांच्याकडून मिळालेली शिस्त त्यांनी पुढील पिढीकडे सोपवली. त्या पिढीतील शास्त्री, देवधर, ना. म. जोशी, कुंझरू आणि ठक्करबाप्पा यांनी देशाच्या निरनिराळ्या भागांत संस्था उभारून ती परंपरा पुढे नेली.